मालकांची पट्टी आणि नवरदेवाची सुरी

आमचे घरमालक रस्त्याने चालायचे ते अगदी डाव्या कडेने, गटारीला लागून. बेलापुरात तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या सोडल्या तर फारसं काही नसायचं, आणि बैलांना डावं-उजवं कोण सांगणार? पण मालक कड सोडायचे नाहीत. समोरून एखादी म्हैस त्यांच्याच कडेने आली तर ते थांबायचे आणि तिला म्हणायचे, "चूक तुझी आहे." म्हैस काही हलायची नाही. मग ती आपण होऊन जाईपर्यंत मालक तिथेच छत्री टेकून उभे राहायचे, पण वळसा घालून उजवीकडे जायचे नाहीत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात कोणी कधी घेतलंच नाही, मालक म्हणायचो. मामलेदार कचेरीत कारकून होते, पेन्शन घेऊन घरी बसले होते. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. माझे वडील पारनेरकडचे, राळेगणचे. तिकडची जमीन कोरडी, म्हणून ते बेलापूरला गुळाच्या आडतीवर माल तोलायला, तोलारी म्हणून आले होते.

मालकांचा एक प्रश्न असायचा, "कायद्यात बसतं का?" तो ते सगळ्याला लावायचे. त्यांच्या अंगणातल्या जाईचा वेल भिंतीवरून रस्त्याकडे लोंबायचा. त्या बाजूची फुलं मालक तोडू द्यायचे नाहीत, कारण ती रस्त्याच्या हद्दीत गेली. काकू, म्हणजे त्यांची बायको, मालक उठायच्या आधी जाऊन ती तोडून आणायच्या. देवापुढे ढीग पाहून मालक विचारायचे, "एवढी फुलं आतल्या बाजूला होती?" काकू म्हणायच्या, "देवाला विचारा. त्याने घेतली."

आणि त्यांची ती पट्टी. लाकडी, फूटभर लांबीची, कोटाच्या आतल्या खिशात कायम. कचेरीतून निघताना त्यांनी तिथली साधी टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. ही पट्टी मोडकी म्हणून लिलावात काढली होती, ती त्यांनी रीतसर विकत घेतली. तिचा पहिला इंच तुटून गेलेला होता, एकच्या आकड्याजवळच ती सुरू व्हायची. दुसरी घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. मोजायचं आणि त्यातून एक कमी करायचा. काकूंचे पापड मोजायचे, दाराची फट मोजायची, शेजाऱ्याने हद्दीला घातलेला चिरा आपल्या भिंतीपासून किती लांब ते मोजायचे, आणि दर वेळी मोठ्याने म्हणायचे, "सात. एक वजा. सहा." ही सवय इतकी लागली होती की काकूंनी विचारलं, "किती पोळ्या झाल्या तुमच्या?" तर म्हणायचे, "चार. एक वजा." काकू म्हणायच्या, "वजा झालेली पोळी कोणाच्या पोटात गेली?"

मोजताना त्यांना साक्षीदार लागायचा. घरात रिकामी अशी मीच असायचे. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली होती. मालक हाक मारायचे, मी जाऊन उभी राहायचे, ते आकडा दाखवायचे आणि मी मान हलवायचे. ते म्हणायचे, "मान हलवून भागत नाही, मुली. साक्षीदाराने बोलायचं असतं." मी पुन्हा मान हलवायचे.

मला बोलायचं सुचायचं नाही असं नव्हतं. सुचायचं, पण तोंडापर्यंत येईस्तोवर दुसरं कोणीतरी बोलून गेलेलं असायचं. याच्यापायी माझं पहिलं जमलेलं लग्न गेलं. बघायला आलेल्या बायकांनी नाव विचारलं, मी खाली बघत राहिले. तरी त्यांनी होकार दिला होता. मग गावात कोणीतरी त्यांना म्हणालं, पोरगी मुकी आहे, विचार करा. "पुढच्या सालाला बघू," असा निरोप आला. पुढचं साल आलं तेव्हा त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालेलं होतं.

म्हणून कोल्हारचं स्थळ जमलं तेव्हा माझी आई देवापुढून उठेना. माणसं चांगली होती. प्रवरेच्या काठाला ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. घरात मुलाच्या आजीचा शब्द चालायचा. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "कमी बोलती. बरं हाय. आमच्या घरात बोलनारी लई हायेत."

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आधीचा तो उन्हाळा. सगळीकडे गडबडीचे दिवस होते. दवंडी पिटली गेली की कोणी हत्यार घेऊन रस्त्यावर फिरायचं नाही. तलवार, भाला, कट्यार, काही नाही. आणि आमच्याकडे तर हळद लागल्यापासून गाठ पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात पातं असतं, टोकाला लिंबू खोचलेलं. दृष्ट लागू नये, काही बाधू नये म्हणून. कोल्हारच्या शेजारच्याच एका गावात नवरदेवाच्या हातातली कट्यार शिपायांनी काढून घेतली, त्याला चौकीवर बसवून ठेवलं, आणि मुहूर्त टळला तो टळलाच. मुलीकडचे लोक वऱ्हाड घेऊन परत गेले.

हे ऐकून कोल्हारहून मुलाचे वडील आमच्याकडे आले. वडिलांना म्हणाले, "पावनं, कट्यार घेतली तर पोलीस सोडनार न्हाईत. न घेता निघालं तर आमची म्हातारी पोराला उंबरा वलांडू देनार न्हाई."

"मग वो?" वडिलांनी विचारलं.

"बंदी उठू द्या. पुढच्या सालाला बघू."

ते गेले आणि आई भिंतीला टेकून रडायला लागली. तेच शब्द होते. भिंतीच्या पलीकडे मालक जेवत होते. हात धुऊन ते आमच्या दारात आले, आणि आत न येता म्हणाले, "रडू नका. आधी हुकूम काय आहे ते वाचू."

दुसऱ्या दिवशी ते चावडीवर गेले. तिथे लावलेला हुकूम त्यांनी दोनदा मोठ्याने वाचला. परत येऊन वडिलांना समजावून सांगितलं. पातं चार इंचांपेक्षा लांब नको. धार एकाच बाजूला हवी. आणि ते शस्त्र नको, माणसाच्या रोजच्या कामाचं हत्यार हवं, ज्याचं त्याच्या हातात. "एवढं जमलं तर ते कायद्यात बसतं."

वडील कोल्हारला जाऊन आजींना भेटून आले. आजींचंही म्हणणं होतंच. "लोखंड पायजे. टोकावर लिंबू बसलं पायजे. आन मिटनारं पातं न्हाई चालायचं." यामागे कारण होतं. आजींच्या थोरल्या मुलाच्या लग्नात घरची कट्यार सापडली नाही म्हणून कोणाचा तरी घडीचा चाकू त्याच्या हातात दिला. देवळाच्या पायरीवर तो आपोआप मिटला आणि त्याचं बोट कापलं. वर्षाच्या आत तो तापाने गेला. लोक म्हणायचे ताप होता. आजी म्हणायच्या चाकू होता. वडिलांनी हे सगळं मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "बाईंची अट वाजवी आहे."

आम्ही बाजाराच्या दिवशी सुरी निवडायला निघालो. मालक डाव्या कडेने पुढे, मागे वडील, त्यांच्या मागे मी. लग्न ठरलेल्या मुलीने बाजारात कशाला, असं आई म्हणाली, पण मालकांना साक्षीदार हवा होता. माझ्या पदरात त्यांनी एक लिंबू दिलं होतं. जी सुरी पसंत पडेल तिच्यावर खोचून बघायला.

लोहाराने विचारलं, "मालक, कुनाला मारायचं हाय?"

"लिंबाला," मालक म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

लोहाराने भाजी चिरायची सुरी दाखवली. मालकांनी पट्टी लावली. "सात. एक वजा. सहा. नको." दुसरी आखूड होती, पण दोन्हीकडून धार. "ही तर कट्यारीची मुलगी." मग लोहाराने विळा पुढे केला. विळा कायद्यात बसत होता, पण मी लिंबू लावलं तर ते वाकड्या टोकावरून घरंगळून भात्याजवळ पडलं. वडील म्हणाले, "आन मालक, घोड्यावर इळा घिऊन बसला तर लोक म्हनतील घास कापाया निघालाय." पलीकडे चांभार बसला होता, त्याची कातडं कापायची रापी आखूड आणि लखलखीत होती. वडिलांनी तिकडे बघितलं. मालक म्हणाले, "त्याच्या हातात ती कायद्यात आहे. नवरदेवाच्या हातात गेली की शस्त्र झालं. नवरदेव काय जोडे शिवतो?" एका दुकानात खटकन उघडणारा सुंदर चाकू होता, शिंगाची मूठ असलेला. मापात बसला, धार एक, लिंबू छान बसलं. दुकानदाराने तो मिटून दाखवला आणि आम्ही तिघंही एकदम मागे सरलो.

दुपारपर्यंत लिंबाला इतकी भोकं पडली की माझा पदर ओला झाला. मालक दमले होते. वडील म्हणाले, "आडतीवर चला. पानी पिऊ."

आडतीवर सावली होती. वडिलांनी मालकांना पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि नुसतं पाणी कसं द्यायचं म्हणून कमरेची सुरी काढून एका ढेपेत खुपसली, गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. ही सुरी त्यांच्या कमरेला रोज असायची. ढेपेत खुपसायची, आतला गूळ बघायचा, रवाळ आहे का चिकट आहे ते सांगायचं. दगडावर घासून घासून ती झिजली होती. आम्ही ती इतकी बघितलेली होती की ती आम्हाला दिसतच नव्हती.

मालकांनी गूळ तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. "तोलारी, ती इकडे आणा."

"ही? ही गुळाची हाय, मालक."

"आणा."

मालकांनी पट्टी लावली. "पाचाला थोडी कमी. एक वजा. चाराला थोडी कमी." धार एकच होती. पातं मुठीत पक्कं बसवलेलं, मिटायचा प्रश्न नाही. मी न सांगता लिंबू लावलं. ते बसलं आणि टोक पलीकडून जरासं बाहेर आलं.

"पोराचं गुऱ्हाळ आहे ना?" मालकांनी विचारलं. "गूळ करतो ना तो? मग हे त्याच्या रोजच्या कामाचं हत्यार आहे." त्यांचे डोळे चमकत होते. "साक्षीदार, पाहिलंस?"

मी मान हलवली.

वडील सुरी धोतराला पुसत राहिले. म्हणाले, "माज्या कमरंची हाय, आन जावयाच्या हातात? बरी दिसंल का?" घरी गेल्यावर काकूंनी त्या भोकं पडलेल्या लिंबाचं सरबत केलं. त्यात सुरीवरचा गूळही उतरला होता, वेगळी साखर फार लागली नाही म्हणाल्या.

आजींना सुरी पसंत पडली. लग्न कोल्हारला, त्यांच्या दारी करायचं ठरलं. आम्ही गाड्या जुंपून आदल्या दिवशी गेलो. आम्हाला उतरायला मोठ्या रस्त्याच्या कडेची धर्मशाळा दिली होती. नगर-मनमाड रस्ता तो. गडबडीमुळे तिथे कडुलिंबाच्या झाडाखाली एक हवालदार आणि दोन शिपाई बाज टाकून बसलेले असायचे. नवरदेवाचं घर रस्त्याच्या पलीकडे आणि मारुतीचं देऊळ आमच्या बाजूला. म्हणजे देवदर्शनाला त्याला त्यांच्या समोरूनच यावं लागणार होतं.

मी हळद लावून, मुंडावळ्या बांधून धर्मशाळेच्या खिडकीपाशी बसले होते. आई माझा हात धरून. वाजंत्री ऐकू आली आणि घोडा दिसला. नवरदेवाने सुरी सरळ धरली होती, टोकाला लिंबू. पण तो सारखा हात झटकायला बघत होता आणि झटकत नव्हता. मुठीच्या सांध्यात गूळ राहिला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या, आणि मालकांनी बजावलं होतं की हात हलवायचा नाही. मालक स्वतः मिरवणुकीबरोबर नव्हतेच. ते डाव्या कडेने एकटे येत होते, म्हणून मागे पडले होते.

हवालदार उठून उभा राहिला. "नवरदेव, हातात काय हाय?"

"गूळ बघायची सुरी," नवरदेवाने पढवल्याप्रमाणे सांगितलं.

"लग्नात गूळ बघाया निघालास व्हय?" हवालदार हसला, लोकही हसले. "केवढं हाय पातं?"

तो सहज विचारत होता. त्याचा हात मिशीवर होता, आणि तो स्वतः वाटेतून बाजूला होणारच होता. तेवढ्यात मालक पोचले. सरकारी डगला समोर बघून ते ताठ झाले, कोटातून पट्टी काढली, घोड्याजवळ गेले आणि सगळ्यांना दिसेल अशी पात्याला लावली.

"पाच," ते म्हणाले.

मी खिडकीत "एक वजा"ची वाट बघत होते. ते आलं नाही. मालकांच्या तोंडावरचा रंग गेला. त्यांनी पुन्हा बघितलं. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांचा पट्टीवर विश्वास जास्त. "हवालदारसाहेब," ते म्हणाले, "पातं पाच इंचांच्या जवळ आहे. मर्यादेबाहेर आहे. सुरी मी निवडली. गुन्हा माझा. सुरी जप्त करा आणि मला घेऊन चला."

वाजंत्री थांबली. माझे सासरे म्हणाले, "अवो मालक, काय बोलताय हे!" हवालदाराचं हसू गेलं. "आता चार मानसांत तुमीच म्हनल्यावर मला घ्यावी लागंल की वो." दोन शिपाई घोड्याकडे निघाले. मागून आजी ओरडल्या, "लोखंड हातातनं सुटायचं न्हाई! पोरा, सोडू नगंस!" नवरदेवाने दोन्ही हातांनी सुरी धरली. भटजी उन्हाकडे बघायला लागले.

आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. "गेलं गं," ती म्हणाली. "हे बी गेलं."

मला सगळं माहीत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. मी वाट बघितली की नेहमीसारखं कोणीतरी दुसरं बोलेल. काकू मागच्या खोलीत ओटी भरायचं सामान काढत होत्या. वडील मांडवात होते. बोलणारं कोणी नव्हतं. शिपायाने घोड्याचा लगाम धरला.

"मालक, एक वजा!" मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी गज धरून उभी राहिले आणि अशी ओरडले की घोडा बिचकला. "मालक, एक वजा! पट्टीचा पहिला इंच तुटलेला आहे! आडतीवर मोजलं तेव्हा मी होते. चारसुद्धा भरत नाही. मी साक्षीदार आहे!"

सगळे खिडकीकडे बघायला लागले. मालक हातातल्या पट्टीकडे बघत होते. हवालदाराने ती त्यांच्याकडून घेतली, टोक बघितलं, बोटाने आकडे मोजले. "आरं, हिला तर मुंडकंच न्हाई!" त्याने एकच्या खुणेपासून पुन्हा इंच इंच मोजलं आणि मान डोलावली. "बसतंय. चाराच्या आत हाय. सोडा घोडा." मग मालकांना म्हणाला, "आजोबा, म्या नुस्तं इचारलं हुतं. मोजाया कुनी सांगितलं?"

वाजंत्री लागली. आईने माझा हात सोडला आणि जमिनीवर बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहेर आजी कोणाला तरी विचारत होत्या, "मुकी म्हनत हुते न्हवं ही?" आणि मग मोठ्याने, मला ऐकू जाईल असं, "लोखंड हातातनं सुटलं न्हाई आन पोरगी येळंला बोलली. चला, उरका!"

माझ्या नवऱ्याने माझ्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द तो. पुढे मी घरात फार बोलायला लागले की ते म्हणायचे, "एक वजा कर." पण हसत म्हणायचे. मुंग्यांच्या चाव्यांनी त्या दिवशी त्यांचा हात सुजला होता, अक्षता पडल्यावर सासऱ्यांनी त्यावर माती लिंपली. ती सुरी अजून माझ्या घरात आहे.

मालक पंगतीला आले नाहीत. धर्मशाळेच्या पायरीवर बसून राहिले. काकू ताट घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा गुन्हा कबूल केलात, तोही न केलेला. जेवा आता." तेव्हा जेवले.

दुसऱ्या दिवशी आमच्या माणसांच्या गाड्या बेलापूरला परत निघाल्या. मी सासरच्या बायकांबरोबर रस्त्यापर्यंत आले होते. आई-वडिलांच्या पाया पडले, मग मालकांच्या पडले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "साक्ष चोख झाली." थोडं थांबून म्हणाले, "इथे बोलत जा, मुली. ते कायद्यात बसतं."

गाडीत बसायला त्यांनी नकार दिला, नदीपर्यंत पायी येतो म्हणाले. गाड्या रस्त्याच्या मधून निघाल्या आणि मालक डाव्या कडेने, छत्री घेऊन, खाली मान घालून. समोरून त्याच कडेने एक म्हैस येत होती.

"मालक, म्हैस!" मी ओरडले. सासू, आजी, जावा सगळ्या शेजारी उभ्या होत्या, कोणी मला गप्प केलं नाही.

मालकांनी मान वर केली, थांबले, छत्री टेकली. ते म्हशीला काहीतरी म्हणाले. एवढ्या लांबून ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं काय म्हणाले ते, आणि मी आजींना सांगितलं.